वणवा कोण विझवितो?

(नभोवाणीवरील भाषण)



आपल्याकडील मुलांचा एक जुना खेळ आपणां सर्वांना ठाऊक आहे. डोंगराला आग लागल्याची आरोळी होते आणि सारीं मुलें जीव घेऊन पळूं लागतात. शाळेच्या मधल्या सुटींत हा खेळ मीं पस्तीस वर्षें पाहिला. परंतु त्यांत कांहींतरी उणें आहे, हें सेवानिवृत्त होईपर्यंत माझ्या ध्यानांत आलें नाहीं. डोंगराला आग लागली म्हणजे सगळे पळतात हें खरें. पण मग ती आग विझवितो कोण?

हा प्रश्न मला पडला तो हिमालयांत. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही चार समवयस्क स्नेही कुमाऊंच्या बाजूस प्रवासाला गेलों होतों. मे महिन्याचा शेवट होता. अल्मोड्याच्या रस्त्यावर एका वळणाशीं, चहाच्या दुकानापुढें आमची मोटार थांबली, तों समोरच्या डोंगरावर धुराचा लोट दिसला. झाडांच्या बुंध्यांमधून एक तांबडी रेघ हळूहळू सरकत होती. दुकान एक पन्नाशीची बाई चालवीत होती. मीं काळजीनें विचारलें, “बहेनजी, तें रान जळत आहे, कोणी विझवावयास जात नाहीं काय?” मी मास्तर असल्याचें तिला आमच्या बोलण्यावरून कळलें असावें. चुलीपासून न उठतां ती म्हणाली, “मास्टरजी, वह जंगल किसका है?” मग तिनेंच हातानें दाखविलें. डोंगराच्या मध्यावरून एक ओढा उतरत होता. ओढ्याच्या पलीकडचें रान सरकारचें. अलीकडचें त्यांच्या गांवच्या वनपंचायतीचें. “ओढ्यापर्यंत आली तर जाऊं,” असें म्हणून ती चहा गाळूं लागली.

त्या उत्तराचा प्रथम मला राग आला. परंतु घरीं परतल्यावर कुमाऊंचा इतिहास जेथून मिळेल तेथून मिळवून मीं वाचला, आणि मग कळून आलें कीं, त्या बाईच्या एका वाक्यामागें दोनशें वर्षांच्या घडामोडी उभ्या आहेत. त्या आज आपणांस थोडक्यांत निवेदन करण्याचें योजिलें आहे. मी वनशास्त्राचा पंडित नाहीं. इतिहासाचा एक साधा शिक्षक आहें, एवढें लक्षांत घेऊन माझे शब्द ऐकावे.

आरंभीं तेथील भूमीचा व झाडांचा परिचय करून घेतला पाहिजे. कुमाऊं म्हणजे आजच्या उत्तराखंड राज्याचा पूर्व भाग. नैनिताल, अल्मोडा, बागेश्वर, पिठोरागड, चंपावत हे त्यांतील डोंगरी जिल्हे. येथें सुमारें तीन हजारांपासून साडेसहा हजार फूट उंचीपर्यंत चीड नांवाचा सूचिपर्णी वृक्ष माजतो. संस्कृतांत यालाच सरल म्हणतात. याच्या खोडांत राळ असते, साल जाड असते, आणि तीन तीन सुयांचे झुबके हींच याचीं पानें. उन्हाळ्यांत या सुया गळतात व जमिनीवर त्यांचा जाड थर सांचतो. त्याला तिकडे पिरूल म्हणतात. पिरूल लवकर कुजत नाहीं, त्याच्याखालीं गवत वर येत नाहीं, त्यावरून माणसांचे व गुरांचे पाय घसरतात, आणि पेटतें मात्र तें एका ठिणगीनें.

चिडाच्या वर, थंड व ओलसर उतारांवर, बांज नांवाचा रुंद पानांचा वृक्ष असतो. इंग्रज त्याला ओक म्हणतात. बांजाचीं हिरवीं पानें गुरांचा चारा होतात. गळलेलीं पानें गोठ्यांत अंथरतात आणि त्यांचेंच पुढें खत होऊन शेतांत जातें. बांजाच्या रानाखालीं झरे टिकतात, असा तेथील लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. आतां या दोन वृक्षांतील भेद पाहा. मोठा झालेला चीड साधारण आगींतून वांचतो. किंबहुना पालापाचोळा जळून मोकळ्या झालेल्या जमिनींत त्याचें बीं चांगलें रुजतें. बांजाला मात्र आग फार बाधते.

हा भेद गांवकऱ्यांना पुस्तकावांचून कळत होता. हिवाळा सरतां सरतां, जमिनींत ओल शिल्लक असतां व वारा पडलेला पाहून, चिडाच्या उतारांवरील वाळलेलें गवत व पिरूल यांना ते विस्तव लावीत. ही आग जमिनीलगत चाले, जाड सालीच्या झाडांस इजा करीत नसे, आणि पुढें तेथें कोंवळें गवत वर येई. शेतांच्या बांधांवर माजलेलीं झुडपें तोडून त्यांचे ढीगहि जाळीत. या जाळणीला तिकडे ओण असें नांव आहे. बांजाच्या रानांत मात्र विस्तव नेत नसत. तेथें बायका नित्य जात, वाळकें लांकूड मोडून आणीत, पाला झाडून टोपल्या भरीत, आश्विनांत गवत कापून त्याच्या गंजी रचीत. आगीला जें खावयास हवें, तें गुरांनीं, चुलींनीं व शेतांनीं अगोदरच खाऊन टाकलेलें असे.

यांत चुका होत नसत असें नाहीं. भर उन्हाळ्यांत बेफिकिरीनें लावलेली आग हातांतून सुटल्याचे प्रसंगहि घडत. परंतु सुटलेली आग ज्याच्या गोठ्याकडे जावयाची, तोच माणूस ती विझवावयास पहिला धांवे.

इ. स. १८१५ मध्यें गुरख्यांचा पराभव होऊन कुमाऊं प्रांत इंग्रजांकडे आला. १८२३ सालीं ट्रेल नांवाच्या कमिशनरानें गांवोगांवच्या सीमा नोंदविल्या. तें विक्रम संवत् १८८० चें वर्ष होतें, म्हणून लोक या नोंदीला ‘अस्सी साला’ म्हणूं लागले. त्या सीमेच्या आंतील रान, माळ व पाणी आपल्या गांवाचें, ही लोकांची भावना तिनें दृढ झाली. सरकारच्या लेखीं मात्र ती महसुलाची सोय होती. एकाच कागदाचे असे दोन अर्थ दोन पक्षांच्या मनांत पाऊणशें वर्षें सुखानें नांदत राहिले; कारण तोंवर त्या रानांची सरकारला फारशी गरजच पडली नव्हती.

गरज पडली ती आगगाड्यांमुळें. रुळांखालीं घालावयाच्या स्लीपरांसाठीं लांकूड हवें झालें. १८६४ सालीं हिंदुस्थान सरकारनें वनखातें स्थापिलें व डिट्रिच ब्रॅन्डिस या जर्मन वनशास्त्रज्ञास त्याचें प्रमुखपद दिलें. त्या पिढींतील वनाधिकाऱ्यांना आग ही शत्रु वाटे, आणि शत्रूला सीमेवर अडवावें तसें तिला अडवावें, असा त्यांचा विचार होता. मध्यप्रांतांत, सातपुड्याच्या रांगेंतील बोरीच्या रानांत, कर्नल पिअर्सन यांनीं १८६० नंतरच्या दशकांत वणवा बाहेर ठेवून दाखविला. त्या यशानें वणवाबंदीचें धोरण खात्यांत मूळ धरून बसलें. रानाभोंवतीं गवत कापून वा जाळून उघडा पट्टा राखावयाचा, ही त्यांतली मुख्य युक्ति. आपण मराठींत तिला जाळरेषा म्हणतों.

१८७८ च्या कायद्यानें राखीव जंगलांत विस्तव लावणें हा गुन्हा ठरला. एवढेंच नव्हे, तर त्या जंगलांत ज्यांना चराईचे वा लांकूडफाट्याचे हक्क असतील, त्यांनीं वणवा विझविण्यास मदत केलीच पाहिजे, असें बंधनहि घातलें गेलें. कुमाऊंत १८९३ सालीं मोजणी न झालेली सारी जमीन संरक्षित जंगल म्हणून जाहीर झाली. नंतर १९११ ते १९१७ या अवधींत जवळजवळ तीन हजार चौरस मैलांचें रान ‘राखीव’ ठरलें. घरटीं किती गुरें चरावयाचीं व किती लांकूड तोडावयाचें, याच्या याद्या झाल्या. राखीव जंगलापासून एक मैलाच्या आंत गवत जाळण्याची मनाई झाली. आणि रानापासून मैलापलीकडे असलेलें गांव त्या डोंगरांत क्वचितच सांपडे. चिडाची राळ काढून टर्पेंटाइन करण्याचा धंदा वाढत होता, त्यामुळें चिडाच्या रानाचें मोल अधिकच चढलें होतें. रानाच्या तोंडाशीं ‘पतरौल’, म्हणजे जंगलखात्याचा शिपाई, उभा राहिला.

आतां या व्यवस्थेंतील दोष पाहा. मनाईनें माणसांची जाळणी थांबली, पण चिडाच्या सुया गळावयाच्या थांबल्या नाहींत. विळा व टोपली यांना रानांत जाण्यास मज्जाव झाला, तेथें गवत व पिरूल सांचत गेलें. दरवर्षीं थोडें थोडें जळावयाचें, तें अनेक वर्षांचें एकदम जळण्यासाठीं सांठून राहिलें. आणि ज्या माणसाला शिपाई काल हांकून देत होता, त्याच माणसानें आज आग विझवावयास धांवून यावें, अशी कायद्याची अपेक्षा होती!

१९२१ च्या मकरसंक्रांतीस बागेश्वर येथें, शरयू व गोमती यांच्या संगमावर, उत्तरायणीची यात्रा भरली होती. सरकारी अंमलदारांचें सामान डोक्यावरून वाहण्याची वेठ, जिला तिकडे कुली-बेगार म्हणत, ती यापुढें करावयाची नाहीं, अशी शपथ जमलेल्या हजारों लोकांनीं घेतली आणि वेठीच्या वह्या नदींत सोडून दिल्या. बद्रीदत्त पांडे हे या चळवळीचे एक प्रमुख पुढारी होते. वेठ गेली. पुढें चार महिन्यांनीं उन्हाळा आला, आणि कुमाऊंचीं जंगलें पेटलीं.

त्या एका उन्हाळ्यांत दोन लाख एकरांहून अधिक राखीव रान जळालें. कांहीं आगी मुद्दाम लावलेल्या होत्या, कांहीं गवतासाठीं लावल्या त्या सुटल्या. पण त्या उन्हाळ्याच्या दोन गोष्टी विचार करण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, ठिकठिकाणीं लोक आग विझवावयास आलेच नाहींत. कायद्याचें कलम पुस्तकांत होतें. मदतीला येणारे हात कलमांत नसतात. दुसरी गोष्ट याहून विलक्षण आहे. जळालें तें मुख्यतः चिडाचें रान, म्हणजे राळेचें व स्लीपरांचें. बांजाचीं विस्तीर्ण रानेंहि सरकारच्याच ताब्यांत होतीं. तीं जवळजवळ सारीं वांचलीं. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनीं या गोष्टीकडे लक्ष वेधलें आहे. बांजाचें रान ओलसर असल्यानें कमी पेटतें हें खरें. तथापि लोकांचा राग आंधळा नव्हता, हेंहि यावरून दिसतें.

मी जाळपोळीचें समर्थन करीत नाहीं. त्या वणव्यांत कोंवळीं रोपटीं गेलीं, पक्ष्यांचीं घरटीं गेलीं, आणि कित्येक गरिबांच्या गुरांचा चाराहि गेला असेल. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्यानें निषेध करून थांबतां कामा नये. कारण शोधलें पाहिजे.

सरकारलाहि कारण शोधावें लागलें. कमिशनर विंडहॅम यांच्या अध्यक्षतेखालीं त्याच वर्षीं एक चौकशी-समिति नेमण्यांत आली. तिनें डोंगरोडोंगरीं फिरून सुमारें पांच हजार साक्षी ऐकल्या. गोविंद वल्लभ पंत, जे पुढें स्वतंत्र भारताचे गृहमंत्री झाले, यांनीं १९२२ सालीं कुमाऊंच्या वनप्रश्नावर इंग्रजींत एक पुस्तक लिहून गांवांची बाजू मांडली. समितीच्या शिफारशीवरून राखीव रानाचे दोन वर्ग झाले. व्यापारी दृष्टीनें कमी मोलाचीं रानें पहिल्या वर्गांत घालून वनखात्याकडून काढून महसूलखात्याकडे दिलीं, व त्यांवरील बहुतेक निर्बंध उठविले. मोलाचीं रानें दुसऱ्या वर्गांत, वनखात्याकडेच राहिलीं.

येथें कोणी म्हणेल कीं, निर्बंध उठले म्हणजे सारें ठीक झालें असेल. तसें झालें नाहीं. जुनी गांवची शिस्त दोन पिढ्यांत मोडली होती आणि नवी कांहीं उभी राहिली नव्हती. अडविणारा शिपाई नाहीं आणि सांभाळणारी पंचायतहि नाहीं, अशा या मधल्या वर्षांत कित्येक डोंगर बेसुमार तोडीनें उघडे पडले. नुसता हक्क परत मिळाल्यानें रान वांचत नाहीं, हा धडा १९२१ च्या वणव्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो मात्र आपण लवकर विसरतों.

म्हणून १९३१ सालीं वनपंचायतींचे नियम झाले. गांवानें आपले पंच निवडावे, त्यांनीं सरपंच नेमावा, आणि ठरवून दिलेलें रान त्या पंचायतीनें सांभाळावें, अशी ही व्यवस्था. गवत कापण्यास रान कोणत्या दिवशीं उघडावयाचें व कोणत्या दिवशीं बंद करावयाचें, कोणत्या भागांतील बांजाच्या फांद्या यंदा छाटावयाच्या व कोणता भाग विसाव्याला ठेवावयाचा, दंड किती, रखवालदार कोण, हें गांवच ठरवूं लागलें. आज उत्तराखंडांत अशा अकरा हजारांहून अधिक वनपंचायती आहेत. साऱ्याच चांगल्या चालतात असें म्हणवत नाहीं. कांहींत भांडणें आहेत, कांहीं कागदावरच आहेत. शिवाय १९७६ व त्यानंतरच्या नियमांनीं वनखात्याचा हात त्यांच्यावर अधिक पडूं लागला, अशी तक्रार आहे. तरीहि पंच्याण्णव वर्षें टिकलेली ही व्यवस्था एका वणव्याच्या राखेंतून उगवली, हें विसरतां येणार नाहीं.

या काळांत वनखातेंहि शहाणें होत गेलें, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. वणवा कडेकोट बंद ठेवलेल्या ब्रह्मदेशांतील सागाच्या रानांत व आसाम-बंगालमधील सालाच्या रानांत नवीं रोपें उगवेनाशीं झालीं, हें विसाव्या शतकाच्या आरंभींच अधिकाऱ्यांच्या ध्यानांत येऊं लागलें होतें. चिडाच्या रानांतहि हिवाळ्यांत माणसें उभीं करून जाळरेषा व पिरूल जाळण्याची पद्धत खात्यानें स्वतःच स्वीकारली. जें काम गांवकऱ्यानें केल्यास गुन्हा होता, तेंच सरकारी वेळापत्रकांत ‘नियंत्रित जाळणी’ या नांवानें आलें!

वणव्यापूर्वींच्या तयारीइतकेंच वणव्यानंतरचें कामहि मोलाचें असतें. आग लागून गेलेला उतार पावसाळ्यांत उघडा सांपडला, तर माती वाहून जाते व खालचे झरे आटतात. अशा वेळीं गांवानें कांहीं वर्षें तेथें गुरें सोडूं नयेत, एवढा एक संयम पाळला तरी पुष्कळ साधतें. बांजाचें खोड जळालें तरी मुळें जिवंत असल्यास बुडाशीं धुमारे फुटतात. गुरांनीं ते खाल्ले नाहींत तर त्यांचेंच पुनः झाड होतें. पण दहा घरांनीं गुरें आवरलीं आणि अकराव्यानें सोडलीं, तर सारें फुकट. म्हणूनच तेथें पंचायत लागते.

कुमाऊंच्या शेजारीं, पौडी गढवाल जिल्ह्यांत उफरैंखाल म्हणून ठिकाण आहे. तेथें सच्चिदानंद भारती या शिक्षकानें (माझ्या पेशाचा माणूस म्हणून मला त्याचा विशेष अभिमान वाटतो) गांवच्या बायकांच्या साहाय्यानें उतारांवर हजारों लहान लहान खड्डे खणविले. पावसाचें पाणी त्यांत थांबतें, मुरतें, सभोंवारचें गवत ओलें ठेवतें, व लावलेलीं झाडें जगवितें. ओल्या जमिनींत वणवा लवकर शिरत नाहीं. रानाच्या राखणीची तेथील रीतहि ऐकण्यासारखी आहे. ज्या बाईची पाळी असेल ती घुंगरू बांधलेली काठी घेऊन रानांत फिरते. संध्याकाळीं परतल्यावर ती काठी ती शेजारणीच्या दाराशीं टेकवून ठेवते. सकाळीं जिच्या दारांत काठी दिसेल, तिची त्या दिवशींची पाळी. पगार नाहीं, हजेरीपट नाहीं. घुंगरांचा आवाज डोंगरावर ऐकूं आला म्हणजे राखण चालू आहे असें समजावें.

मग आज तेथें वणवे थांबले आहेत काय? नाहीं, आणि हें सांगतांना वाईट वाटतें. २०१६ सालीं उत्तराखंडांत चार हजार हेक्टरांहून अधिक रान जळालें व आगीवर पाणी टाकण्यासाठीं हवाईदलाचीं हेलिकॉप्टरें आणावीं लागलीं. १३ जून २०२४ रोजीं अल्मोडा जिल्ह्यांतील बिनसर अभयारण्यांत वणवा विझवावयास गेलेले वनखात्याचे चार कामगार जळून मरण पावले. पोटासाठीं आगीशीं झुंजणाऱ्या त्या माणसांचें स्मरण ठेवल्यावांचून या विषयावर बोलणें योग्य होणार नाहीं.

याचें एक कारण कोरडे होत चाललेले हिवाळे व वाढती उष्णता हें आहे. दुसरें कारण गांवांत आहे. रोजगारासाठीं तरुण मैदानी शहरांत गेले. कित्येक गांवें ओस पडलीं. शेतें पडीक राहिलीं, त्यांवर गवत व झुडपें माजलीं, आणि पूर्वीं शेताच्या कडेशीं थांबणारी आग आतां पडक्या घराच्या उंबऱ्यापर्यंत येते. गॅसची शेगडी घरीं आली व बायकांच्या डोक्यावरचा मोळीचा भार उतरला, ही फार चांगली गोष्ट झाली. पण रानांतलें वाळकें लांकूड उचलणारे हातहि त्याबरोबर कमी झाले. हक्क आहे, पंचायत आहे, पण रानाची नित्याची गरजच उरली नाहीं, अशी ही नवी अडचण आहे. तिच्यावर १९२१ च्या समितीजवळ कांहीं उत्तर असणें शक्य नव्हतें. तें आजच्यांनींच शोधावयाचें आहे.

असें एक उत्तर अल्मोडा जिल्ह्यांतील सीतलाखेतच्या परिसरांत शोधण्यांत आलें आहे. वणव्यांचा मागोवा घेतां तेथील लोकांना दिसून आलें कीं, पुष्कळ आगी शेतांतील ओणापासूनच सुरू होतात. एप्रिल-मे मध्यें वारे सुटल्यावर बांधावरचे ढीग जाळले कीं ठिणगी रानांत जाते. उपाय अगदीं साधा होता. ओण जाळावयाचें तें ३१ मार्चच्या आंत, जमीन थंड असतांना. २०२२ पासून १ एप्रिल हा दिवस तेथें ‘ओण दिवस’ म्हणून पाळूं लागले. त्या दिवशीं गांवें एकत्र येऊन यंदा रान जळूं देणार नाहीं असा संकल्प करतात. दोनशें वर्षांपूर्वींच्या म्हाताऱ्यांना जें ठाऊक होतें, त्याचीच ही नव्या पंचांगांत केलेली नोंद आहे. पिरूल वेचून त्याच्या कांड्या करून विकण्याचे उद्योगहि ठिकठिकाणीं सुरू झाले आहेत. गोठ्यापुरती उरलेली गरज अशा रीतीनें बाजाराची गरज झाली, तर टोपली पुनः रानांत जाईल.

हें सारें हिमालयापुरतेंच आहे असें कोणी समजूं नये. आपल्या गडचिरोलीकडे मोहाचीं फुलें वेचतांना दिसावीं म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याची चाल आहे, आणि ती आग पुष्कळदां सुटते. तेथील मेंढा-लेखा गांवास २००९ सालीं वनावरील सामूहिक हक्क मिळाला व त्यानंतर त्या जिल्ह्यांतील शेंकडों ग्रामसभांना तो मिळाला. पाला जाळण्याऐवजीं झाडून काढावा, उन्हाळ्यापूर्वीं जाळरेषा साफ कराव्या, हें आतां आपलें काम आहे असें अशा कित्येक ग्रामसभा मानूं लागल्या आहेत. हक्काचा कागद हातीं आला म्हणजे हातीं झाडूहि येतो. मात्र तो कोणी, केव्हां व कोठें चालवावयाचा हें ठरविणारी बैठक गांवांत नियमानें भरली पाहिजे.

आतां त्या चहाच्या दुकानाकडे परत जाऊं. तीन दिवसांनीं आम्ही त्याच रस्त्यानें उतरत होतों. मोटार मुद्दाम थांबविली. दुकान बंद होतें. पायरीवर बसलेल्या एका मुलाला विचारलें, तर तो म्हणाला कीं, परवा रात्रीं आग ओढ्यापर्यंत आली होती. सारा गांव हिरव्या फांद्या घेऊन गेला. सकाळपर्यंत झोडपून झोडपून तिला थोपविलें. आई अजून झोपली आहे.

मीं डोंगराकडे पाहिलें. ओढ्याच्या पलीकडची बाजू माथ्यापर्यंत काळी पडली होती आणि अजून कोठें कोठें धुमसत होती. अलीकडची बाजू हिरवी होती. मध्यें ओढ्याच्या पात्राबरोबर वांकतविळखत गेलेली सरळ स्पष्ट सीमा दिसत होती. ती सीमा पाण्यानें राखली असें म्हणावें, तर ओढ्यांत त्या दिवसांत थेंबभरहि पाणी नव्हतें.